अदृश्य प्रकाशाची किमया

विद्यार्थिमित्रांनो, एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा.

संध्याकाळची वेळ आहे. तुमच्या लहान भावाला ताप आला आहे. अम्मीने डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाचशे रुपयांची एक नोट तुमच्या हातात दिली आहे. तुम्ही धावत औषधाच्या दुकानात जाता. दुकानदार औषधे काढून समोर ठेवतो आणि नोट घेतो. गल्ल्याजवळ एक लहानसा दिवा आहे. त्याचा उजेड अगदी मंद आणि जांभळट आहे. दुकानदार तुमची नोट त्या दिव्याखाली धरतो आणि काय आश्चर्य! नोटेचा सगळा कागद निळसर पांढऱ्या रंगाने उजळून निघतो.

दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडतात. "बाळ, ही नोट चालणार नाही. खोटी दिसते," तो म्हणतो. मागे उभी असलेली माणसे तुमच्याकडे पाहू लागतात. तुमचे कान गरम होतात.

"काका, ही नोट अब्बांच्या पगारातली आहे. त्यांनी ती बँकेतून आणली आहे. ती खोटी कशी असेल?" तुम्ही म्हणता.

"मला काय विचारतोस? दिवाच सांगतो आहे," दुकानदार उत्तर देतो.

आता खरे कोण? अब्बा की दिवा? मित्रांनो, दिवा खोटे बोलत नाही. पण त्याची भाषा आपल्याला कळली पाहिजे. भाषा नीट कळली नाही, तर खऱ्या माणसावरही आळ येतो. म्हणून आज आपण या दिव्याची भाषा शिकणार आहोत. त्यासाठी आपल्याला सुमारे सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागेल.

सूर्याचा प्रकाश पांढरा दिसतो; पण तो अनेक रंग मिळून बनलेला असतो, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. काचेच्या लोलकातून ऊन जाऊ दिले, की समोरच्या भिंतीवर रंगांचा एक सुंदर पट्टा उमटतो. त्याला वर्णपट म्हणतात. वर्णपटाच्या एका टोकाला तांबडा रंग असतो आणि दुसऱ्या टोकाला जांभळा. या दोन टोकांच्या पलीकडे काय असते? आपल्या डोळ्यांना तर तेथे काहीच दिसत नाही.

सन १८०० मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने तांबड्या रंगाच्या पलीकडे, अंधाऱ्या जागेत, तापमापक ठेवून पाहिला. तापमापकातला पारा वर चढला. म्हणजे तेथे न दिसणारे पण उष्णता देणारे किरण होते. ही बातमी जर्मनीतील योहान रिटर या तरुण शास्त्रज्ञाच्या कानावर गेली. त्याने विचार केला, "तांबड्याच्या पलीकडे काही असेल, तर जांभळ्याच्या पलीकडेही काही असले पाहिजे."

रिटरने सिल्व्हर क्लोराइड नावाचा चांदीचा एक क्षार घेतला. हा क्षार प्रकाशात ठेवला, की काळा पडतो. सन १८०१ मध्ये त्याने तो वर्णपटाच्या वेगवेगळ्या भागांत ठेवला. तांबड्या रंगात क्षार फारसा बदलला नाही. जांभळ्या रंगात तो लवकर काळा पडला. पण सर्वांत लवकर काळा पडला तो जांभळ्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते! तेथे असलेल्या या अदृश्य किरणांना आपण मराठीत 'अतिनील किरण' म्हणतो. उर्दूत यांनाच 'बालाए बनफ्शी' म्हणतात. दोन्ही नावांचा अर्थ जवळपास एकच आहे.

प्रकाश लाटांच्या रूपाने प्रवास करतो. या लाटा इतक्या लहान असतात, की त्या मोजायला नॅनोमीटर हे माप वापरतात. एका मीटरचे शंभर कोटी सारखे भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लाटा आपल्या डोळ्यांना दिसतात. जांभळ्या प्रकाशाची लाट ४०० च्या आसपास असते, तर तांबड्या प्रकाशाची ७०० च्या आसपास. ४०० पेक्षा लहान लाट असलेला प्रकाश म्हणजे अतिनील. नोटा तपासण्याच्या दिव्यातून बहुधा ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण निघतात. ते आपल्याला दिसत नाहीत. दिव्याचा जो जांभळट उजेड आपल्याला दिसतो, तो त्यांच्याबरोबर बाहेर पडलेला थोडासा साधा प्रकाश असतो.

आता खरा प्रश्न पुढेच आहे. न दिसणाऱ्या प्रकाशात वस्तू चमकताना दिसते ती कशी?

या प्रश्नाचे उत्तर एका औषधाने दिले. हिवतापावर पूर्वी कोयनेल हे कडू औषध देत असत. सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळणाऱ्या या औषधाला क्विनाइन असेही म्हणतात. हे औषध पाण्यात विरघळवले, की पाणी स्वच्छ आणि रंगहीन दिसते. पण तेच पाणी उन्हात ठेवले, तर त्याच्या पृष्ठभागावर एक सुरेख निळी झाक दिसते. सन १८४५ मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने या निळ्या झाकेविषयी लिहिले. हा जॉन म्हणजे तापमापक ठेवणाऱ्या विल्यम हर्शेलचाच मुलगा. मात्र ही झाक कोठून येते, हे कोडे त्याला सुटले नाही.

ते कोडे केंब्रिज विद्यापीठातील जॉर्ज स्टोक्स याने सोडवले. त्याने खोलीत अंधार केला. खिडकीच्या फटीतून येणारे ऊन लोलकातून जाऊ दिले आणि वर्णपट तयार केला. मग कोयनेलच्या पाण्याने भरलेली काचेची नळी त्याने वर्णपटातून हळूहळू पुढे सरकवली. तांबड्या रंगात काही झाले नाही. पिवळ्या आणि हिरव्या रंगांतही काही झाले नाही. नळी जांभळ्या टोकाजवळ आली आणि पाणी निळे चमकू लागले. नळी आणखी पुढे सरकली, जांभळ्याच्या पलीकडे, पूर्ण अंधारात गेली. तरीही पाणी चमकतच राहिले!

स्टोक्सने ओळखले, की कोयनेलचे पाणी अदृश्य अतिनील प्रकाश शोषून घेते आणि त्याच्या बदल्यात निळा, दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. सन १८५२ मध्ये त्याने हा शोध प्रसिद्ध केला. फ्लोरस्पार नावाचा एक खनिज दगडही असाच चमकतो. त्या दगडाच्या नावावरून स्टोक्सने या चमकण्याला 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. मराठीत त्याला 'प्रतिदीप्ती' म्हणतात. दीप्ती म्हणजे तेज, आणि घेतलेल्या तेजाच्या उत्तरात दिलेले तेज ते प्रतिदीप्ती.

स्टोक्सने आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची लाट आत गेलेल्या प्रकाशाच्या लाटेपेक्षा लांब असते. असे का होते, हे एका साध्या उदाहरणाने समजून घेऊ.

बाजारात फाटक्या नोटा बदलून देणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. शंभराची फाटकी नोट दिली, तर ते पूर्ण शंभर रुपये देत नाहीत. थोडा बट्टा कापून घेतात आणि उरलेले पैसे परत करतात. चमकणारा पदार्थ असेच करतो. प्रकाशाची ऊर्जा लहान लहान पुड्यांच्या रूपाने येते. लाट जितकी लहान, तितकी पुडी मोठी. म्हणून अतिनील प्रकाशाची पुडी मोठी असते, निळ्याची त्याहून लहान आणि तांबड्याची आणखी लहान. पदार्थाच्या रेणूतील इलेक्ट्रॉन अतिनील प्रकाशाची एक पुडी घेतो आणि वरच्या पायरीवर उडी मारतो. तेथे तो फार काळ थांबू शकत नाही. थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च करून तो किंचित खाली घसरतो. हाच तो बट्टा! मग तो एकदम खाली येतो आणि उरलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. ही पुडी आधीच्या पुडीपेक्षा लहान असते. त्यामुळे न दिसणारा अतिनील प्रकाश आत जातो आणि दिसणारा निळा, हिरवा किंवा तांबडा प्रकाश बाहेर येतो. समजा, ३६५ नॅनोमीटरची पुडी आत गेली आणि ४४० नॅनोमीटरची निळी पुडी बाहेर आली, तर सुमारे ८३ टक्के ऊर्जा परत मिळाली आणि १७ टक्के बट्ट्यात गेली.

तुम्ही विचाराल, तांबड्या दिव्याचा खूप प्रखर झोत टाकला, तर कोयनेलचे पाणी निळे चमकेल का? नाही. रेणू एका वेळी एकच पुडी घेतो. दहा रुपयांच्या कितीही नोटा असल्या, तरी एका वेळी एकच नोट घेणाऱ्या माणसाकडून शंभराची वस्तू मिळणार नाही. तसेच हे आहे. येथे प्रकाश किती आहे यापेक्षा प्रकाश कोणता आहे, याला महत्त्व असते.

ही सारी देवाणघेवाण अतिशय वेगाने होते. एका सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात इलेक्ट्रॉन वर जाऊन खालीही येतो. म्हणून दिवा बंद करताच चमक नाहीशी होते. पण काही वस्तू दिवा बंद केल्यावरही चमकत राहतात. रात्री हिरवट चमकणारी तसबीह किंवा अंधारात दिसणारे घड्याळाचे काटे तुम्ही पाहिले असतील. त्यांतील पदार्थ घेतलेली ऊर्जा लगेच परत करत नाही. साठवून ठेवतो आणि हळूहळू देतो. या चमकण्याला 'स्फुरदीप्ती' म्हणतात. आणि काजवा? त्याचे तेज या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. त्याच्या पोटात होणाऱ्या रासायनिक क्रियेतून तो स्वतःच प्रकाश तयार करतो. त्याला कोणत्याही दिव्याची गरज नसते.

मित्रांनो, प्रतिदीप्ती ही प्रयोगशाळेतच सापडणारी गोष्ट नाही. ती तुमच्या डोक्यावर, छताला टांगलेली आहे! ट्यूबलाइटच्या नळीत थोडी पाऱ्याची वाफ असते. वीज सुरू होताच ही वाफ मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण देते. नळीच्या आतल्या बाजूला एका पांढऱ्या भुकटीचा थर दिलेला असतो. ती भुकटी अतिनील किरण घेते आणि पांढरा प्रकाश देते. म्हणजे ट्यूबलाइट हा खरे तर अतिनील दिवाच आहे. भुकटीने त्याचा प्रकाश आपल्या उपयोगाचा करून दिला. ट्यूब फुटली, तर तिचे तुकडे हाताने उचलू नका, कारण पारा विषारी असतो.

आता घरोघरी एलईडी दिवे आले आहेत. त्यांत पारा नसतो, पण प्रतिदीप्ती आहेच. बहुतेक पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या आत निळा प्रकाश देणारा एक बारीक तुकडा असतो आणि त्यावर पिवळ्या पदार्थाचा थर असतो. काही निळा प्रकाश तसाच बाहेर येतो आणि काहींचा पिवळा होतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. असा निळा एलईडी तयार करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ट्यूबमधली पांढरी भुकटी काढून टाकली किंवा बदलली, काच गडद जांभळी केली आणि दिसणारा प्रकाश अडवला, तर उरतो तो अतिनील दिवा. अशी खास काच अमेरिकेतील शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड याने १९०३ मध्ये तयार केली. तिच्यातून अतिनील किरण पार होतात, पण साधा प्रकाश बहुतेक अडतो. त्याच्या नावावरून या दिव्याला 'वुडचा दिवा' म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञ आजही हा दिवा वापरतात. लहान मुलांच्या डोक्यावर होणाऱ्या गजकर्णाचे काही प्रकार या दिव्याखाली हिरवट चमकतात. कोडाचे फिकट डाग, जे साध्या उजेडात नीट दिसत नाहीत, ते या दिव्याखाली स्पष्ट पांढरे उठून दिसतात. डॉक्टरांना वेळेवर उपचार सुरू करता येतात.

या दिव्याचा आणखी एक उपयोग ऐकून तुम्हांला नवल वाटेल. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट निळे चमकतात! रायगड किंवा रत्नागिरी जिल्ह्यात राहणाऱ्या मुलांना विंचवाची ओळख करून द्यायला नको. कोकणातला लाल विंचू फार विषारी असतो. त्याचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा अनेक वर्षे बारकाईने अभ्यास केला. रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर फार गुणकारी आहे, हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. त्यामुळे कितीतरी मुलांचे प्राण वाचले. सन २०२२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.

विंचू दिवसा दगडाखाली, लाकडांच्या ढिगात, भिंतीच्या फटीत लपून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. साध्या बॅटरीच्या उजेडात तो मातीत मिसळून जातो. पण अतिनील बॅटरीचा प्रकाश पडताच तो दुरूनही चमकताना दिसतो. विंचवांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ रात्री त्यांना असेच शोधतात. विंचवाच्या अंगावरील कठीण कवचात प्रतिदीप्ती देणारे पदार्थ असतात. त्यांतील बीटा-कार्बोलिन हा पदार्थ शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ओळखला.

पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. विंचू वाढताना मधूनमधून कात टाकतो. कात टाकल्यावर त्याचे नवे कवच मऊ असते आणि ते चमकत नाही. कवच कठीण होत जाते, तसतशी चमक येते. म्हणजे अतिनील बॅटरीखाली काही चमकले नाही, याचा अर्थ तेथे विंचू नाहीच, असा होत नाही. बूट झटकून घालणे, अंथरूण झाडून घेणे या जुन्या सवयी सोडू नयेत. आणि विंचू चावलाच, तर मंत्र आणि झाडपाला यांत वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा.

पाहिलेत ना? दिव्याने खरे तेच दाखवले. पण केवळ चमक पाहून घाईने निष्कर्ष काढला, तर आपण फसतो. आता हीच गोष्ट मनात ठेवून आपण पुन्हा त्या नोटेकडे वळू.

तुमच्या शाळेचा पांढरा गणवेश उन्हात कसा झगझगीत दिसतो! हे केवळ स्वच्छतेमुळे होत नाही. पांढरे कापड जुने झाले, की पिवळट दिसू लागते. पूर्वी यावर उपाय म्हणून धुतलेले कपडे निळीच्या पाण्यातून काढत. निळीचा रंग पिवळेपणा झाकत असे. आजच्या कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये बहुधा एक वेगळाच पदार्थ असतो. त्याला आपण शुभ्रक म्हणू. हा शुभ्रक धुताना कापडाच्या धाग्यांना चिकटून राहतो. तो उन्हातील अतिनील किरण घेतो आणि निळा प्रकाश देतो. या निळ्या प्रकाशामुळे पिवळेपणा लपतो आणि कापड नव्याहून नवे दिसते. म्हणजे तुमचा सदरा स्वतःवर पडलेल्या प्रकाशापैकी न दिसणारा भागही दिसणारा करून परत देतो! वह्यांच्या आणि छपाईच्या पांढऱ्या कागदातही असेच शुभ्रक मिसळलेले असतात.

मात्र नोटेचा कागद निराळा असतो. तो कापसाच्या तंतूंपासून बनवतात आणि त्यात शुभ्रक घालत नाहीत. म्हणून खरी नोट अतिनील दिव्याखाली काळसर, मंद दिसते. तिच्यावरचे काही ठराविक भाग मात्र चमकतात. नोटेचा क्रमांक प्रतिदीप्ती देणाऱ्या शाईने छापलेला असतो. कागदात विखुरलेले बारीक रंगीत तंतूही चमकतात. साध्या प्रकाशात हे तंतू दिसत नाहीत. खोटी नोट बनवणारा माणूस बाजारातला साधा पांढरा कागद वापरतो, तेव्हा त्याच्या नोटेचा सगळा कागद चमकतो आणि क्रमांक मात्र चमकत नाही. खरी नोट जेथे चमकायला हवी तेथेच चमकते.

मग अब्बांची नोट सगळीच का चमकली? आता तुम्हीच उत्तर शोधा. आठवून पाहा, ती नोट कोठे होती? अम्मीने काल अब्बांचा कुर्ता धुवायला टाकला, तेव्हा नोट खिशातच राहिली होती. कपडे धुताना पावडरीतले शुभ्रक कुर्त्याच्या धाग्यांना चिकटले, तसेच नोटेच्या कापसाच्या तंतूंनाही चिकटले! शेवटी कुर्ताही कापसाचा आणि नोटही कापसाची. म्हणून सारी नोट निळसर पांढरी चमकली. दिवा खरेच बोलला. तो म्हणाला, "या कागदावर शुभ्रक आहे." 'नोट खोटी आहे,' हे दिवा म्हणाला नाही, ते दुकानदार म्हणाला.

आता तुम्ही पुन्हा त्या दुकानात उभे आहात असे समजा. मान खाली घालू नका आणि आवाजही चढवू नका. शांतपणे म्हणा, "काका, ही नोट कपड्यांबरोबर धुतली गेली आहे. साबणाच्या पावडरीमुळेही कागद चमकतो. तुम्ही एवढे पाहा, हिचा क्रमांक दिव्याखाली चमकतो का? कागदातले तंतू दिसतात का? आता नोट उजेडासमोर धरा. गांधीजींचे पाण्यातले चित्र दिसते का? नोट तिरकी करा. मधल्या सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा होतो का? गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा. छपाई बोटाला उंच लागते का?"

दुकानदार एकेक खूण पाहतो. क्रमांक चमकतो. तंतू चमकतात. पाण्यातले चित्र दिसते. धागा रंग बदलतो. छपाई बोटाला जाणवते. त्याच्या कपाळावरच्या आठ्या नाहीशा होतात. "माझीच चूक झाली, बाळ," तो म्हणतो आणि औषधाची पिशवी तुमच्या हातात देतो. मागे उभी असलेली माणसेही आता तुमच्याकडे पाहत असतात. पण वेगळ्या नजरेने.

आणि समजा, या सगळ्या खुणा पाहिल्यावर नोट खरोखरच खोटी निघाली तर? तर ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारू नका. आपले नुकसान दुसऱ्यावर ढकलणे योग्य नाही. वडीलधाऱ्यांना सांगा आणि त्यांच्याबरोबर ती बँकेत नेऊन दाखवा.

तुम्हांला ही किमया स्वतः पाहायची असेल, तर शिक्षकांच्या मदतीने शाळेत एक छोटा प्रयोग करा. नोटा तपासण्याची लहान बॅटरी मिळवा आणि खोलीत अंधार करा. तिच्या उजेडात वहीचे पान, धुतलेला पांढरा रुमाल आणि एक न धुतलेली नोट शेजारी शेजारी ठेवून पाहा. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा. ते पिवळट हिरवे चमकेल. पालकाची पाने कुस्करून स्पिरिटमध्ये भिजवा आणि गाळून घ्या. हे हिरवे पाणी अतिनील प्रकाशात चक्क तांबडे चमकेल! पानातील हरितद्रव्यामुळे हे घडते. जिवंत पान मात्र असे चमकताना दिसत नाही. कारण ते घेतलेली बरीचशी ऊर्जा अन्न तयार करण्यासाठी वापरते. परत द्यायला त्याच्याजवळ फार थोडी उरते. स्पिरिट लगेच पेट घेते, म्हणून जवळ दिवा किंवा काडी पेटवू नका.

एक इशारा मात्र विसरू नका. अतिनील दिव्याकडे किंवा बॅटरीकडे कधीही सरळ पाहू नये आणि तिचा झोत दुसऱ्याच्या डोळ्यांवर टाकू नये. हे किरण दिसत नसल्यामुळे डोळे आपोआप मिटत नाहीत आणि इजा होऊ शकते. जंतू मारण्यासाठी दवाखान्यांत वापरले जाणारे अतिनील दिवे तर आणखी घातक असतात. ते चालू असताना त्या खोलीत जाऊ नये.

मित्रांनो, रिटरने अंधारात क्षार ठेवला आणि स्टोक्सने अंधारात नळी सरकवली, कारण 'मला दिसत नाही, म्हणून तेथे काही नाही,' असे त्यांनी मानले नाही. आणि आज आपण हेही शिकलो, की 'मला दिसले, म्हणून मला समजले,' असेही मानू नये. पाहावे, कारण विचारावे, पुन्हा पडताळून पाहावे आणि मगच बोलावे. नोट असो की माणूस, त्याला खोटे ठरवण्यापूर्वी एवढे तरी करायलाच हवे.